आईंना सगळं जमतं

माझ्या सासूबाईंनी स्वतःची केस स्वतःच्या हातांनी बुडवली, आणि तीसुद्धा पाहुण्याला चहा देताना.

पाहुणा म्हणजे इमिग्रेशन ऑफिसचा माणूस. आम्ही नवरा-बायको या देशात कायमचे राहतो, आमची कागदपत्रं झालेली आहेत, लेक इथल्याच शाळेत जाते. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या त्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर. तो संपत आला तसा आम्ही अर्ज केला, की त्यांना आता इथंच राहू द्या. इथला कायदा असा आहे, की म्हाताऱ्या आईवडिलांना एकट्यानं राहणं जमत नसेल, आणि तिकडे त्यांचं करणारं कुणी नसेल, तरच ते मुलाकडे कायमचे राहू शकतात. म्हणजे एकच गोष्ट दाखवायची होती, की एकटीला जमत नाही. तो माणूस तेच बघायला घरी येणार होता.

मी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं होतं, "आई, जे आहे ते सांगायचं. काय जमत नाही ते आधी सांगायचं." त्यांनी मान डोलावली. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांच्या मान डोलावण्यावर विश्वास ठेवला. मला अक्कल कधी येणार, देव जाणे.

माणूस सकाळी आला. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून तयार होत्या. जणू त्यांचंच स्थळ ठरवायला कुणी आलं होतं. त्या माणसानं फोनवर एक दुभाषा जोडून घेतला आणि फोन टेबलावर ठेवला. सासूबाई आत गेल्या आणि चहाचा ट्रे घेऊन आल्या. हात थरथरतो म्हणून कप अर्धेच भरले होते आणि ट्रे छातीशी धरला होता. मी उठले, तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत खाली बसले.

"तुमची अंघोळ तुम्ही स्वतः करता का?" फोनमधून प्रश्न आला.

"मग काय दुसऱ्याकडून घालून घेऊ?"

"स्वयंपाक?"

"या घरचा सगळा मीच बघते."

"तिकडे तुमचं कोण आहे?"

"अख्खी आळी आहे! एक हाक मारली की धावत येतात सगळे."

"परत गेलात तर राहू शकाल?"

"राहीन की. मी काय कुणाला भीत्ये?"

नवरा खुर्चीत चुळबुळत होता. मी डोळे वटारून थकले. मग सासूबाई त्याला आपली खोली दाखवायला जिना चढल्या, कठड्याला हात न लावता. गुडघा कसा लटपटत होता ते मला मागून दिसत होतं. वर पोचल्यावर त्यांनी वळून आमच्याकडे विजयी चेहऱ्यानं बघितलं. त्या माणसानं बिस्किटं खाल्ली, तब्येतीचं कौतुक केलं आणि गेला.

"चांगला होता गं माणूस," दार लावल्यावर सासूबाई म्हणाल्या. "मी काही कमी पडू दिलं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आई, काय सांगून बसलात तुम्ही!"

"मग काय सांगायचं? परक्या माणसापुढे रडगाणं गायचं? मुलगा-सून घरात असताना मी लाचार आहे म्हणायचं? अब्रू तुमचीच गेली असती."

मीही त्याच मुशीतली आहे. अंगात ताप असला तरी माहेरच्या फोनवर मी "मजेत" म्हणते. कुणी कसं चाललंय विचारलं की आम्हाला छान चाललंय हेच सांगता येतं. खरं सांगायची आम्हाला सवयच नाही.

निकाल आला. अर्जदार सुदृढ आणि स्वावलंबी आहेत, मायदेशी त्यांचं स्वतःचं घर आणि शेजाऱ्यांचा भक्कम आधार आहे, सबब अर्ज नामंजूर. मी त्यांना ते आपल्या भाषेत करून सांगत होते. "स्वावलंबी" शब्दाला त्यांचा चेहरा खुलला.

"बघ. सरकारनं लिहून दिलं."

"पुढचं ऐका. देश सोडून जायला सांगितलंय."

त्या मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत राहिल्या. ती भांडी मी सकाळीच लावली होती.

त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अपील करता येईल आणि वकील परवडत नसेल तर फुकट मदत मिळेल. नवऱ्याचा यावर विश्वास नव्हता. त्याच्या कामावरचा एक जण कुणा एजंटाला ओळखत होता. तो एजंट म्हणे आजारपणाचा हवा तसा दाखला काढून देतो. "आईला काहीतरी मोठा आजार दाखवू," नवरा म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईला आजारी म्हणणाऱ्या डॉक्टरला ती तिथंच फैलावर घेईल. चल, आधी फुकटचं बघू."

फुकटची मदत कोर्टाच्या तळमजल्यावर होती. एक खिडकी, तिच्यामागे एक अरुंद खोली, टेबलावर फायलींचे ढीग आणि त्या ढिगांपलीकडे एक तरुण वकीलबाई. कोर्टात घालायचे बूट टेबलाखाली काढून ठेवून ती साध्या सपाता घालून बसली होती. मला ती तिथंच आवडली. उभ्यानं काम करणाऱ्याला पायाचं दुःख कळतं. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात असते. लांबी कमी करणं, चेन बदलणं, इस्त्री, सगळं उभ्यानं.

तिनं भराभर सांगितलं. अपील चालू आहे तोवर सासूबाईंना कुणी पाठवू शकत नाही. वकील म्हणून ती उभी राहील, त्याचे पैसे नाहीत. कोर्ट त्यांच्या भाषेतला दुभाषा देईल, बाई हवी असेल तर तसं मागता येईल. हक्क ही गोष्ट मी आजवर शाळेच्या पुस्तकातच वाचली होती. ही बाई मात्र दुकानदारानं फळीवरचा माल सांगावा तसं एकेक सांगत होती.

मग तिनं नवऱ्याला विचारलं, "सकाळी आईंचं कोण करतं?"

"तिचं तीच करते."

"औषधं?"

"तीच घेते. वेळच्या वेळी."

"घरातलं काम?"

"बरंच करते. आईला बसवत नाही."

आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. वकीलबाईनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हालाही असंच वाटतं?"

मी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मग बोलायला लागले. इतके दिवस ज्या गोष्टीचा मी घरात कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता, ती एकदा सुटली ती सुटलीच.

औषधं मी न्याहारीच्या ताटलीशेजारी वाटीत काढून ठेवते, त्या फक्त उचलतात. कामाला निघायच्या आधी बरण्यांची झाकणं सैल करून ठेवते, म्हणजे दुपारी त्यांना ती "सहज" उघडतात. त्यांच्या स्वेटरची बटणं काजातून जायची बंद झाली, तेव्हा मी ती वरून नुसती शोभेला शिवली आणि आतून टिचबटणं लावली. त्या भाजी चिरतात, ती मी परत चिरते. त्या अंघोळीला गेल्या की मी न्हाणीघराच्या दाराशी झाडू घेऊन उभी राहते, कारण एकदा त्या आत पडल्या होत्या आणि मला आवाज देत नव्हत्या. एकदा नातीला शाळेतून आणायला म्हणून निघाल्या आणि रस्ता चुकून बसथांब्यावर बसून राहिल्या. पाववाल्यानं ओळखून घरी आणलं. तेव्हापासून लेकीला शिकवून ठेवलंय, आजी बाहेर निघाली की म्हणायचं, मला एकटीला भीती वाटते, मी तुझ्याबरोबर येते.

"आणि गॅस," मी म्हटलं आणि थांबले.

"गॅसचं काय?"

शेगडीवर एकदा भांड्याऐवजी फडका जळत होता. सासूबाई शेजारी उभ्या राहून दूध उतू जायची वाट बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला निघताना गॅसची भिंतीतली चावीच बंद करते. त्यांना सांगून ठेवलंय, की या देशात दुपारी गॅस येत नाही, सगळ्या गल्लीचा बंद असतो. त्यांनी ते मानलं. रोज दुपारी त्या इथल्या सरकारला मनापासून शिव्या घालतात.

नवरा माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच तिला जाऊन विचारलं असतंस. तुझ्या पोटात काय राहतं?"

वकीलबाई हसली नाही. "तुम्ही हे इतकं बेमालूम केलंय," ती म्हणाली, "की तुमच्या घरातल्यांनाही दिसलं नाही. ऑफिसच्या माणसाला कुठून दिसणार? हे सगळं तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल."

"त्यांच्यासमोर?"

"त्यांच्यासमोर."

मग मला वाटलं, अरे, सोपं आहे. मी इथल्या भाषेत बोलेन. सासूबाईंना त्यातलं ओ का ठो कळत नाही. वकीलबाईनं मान हलवली. दुभाषी त्यांच्या शेजारी बसेल आणि कोर्टात उच्चारलेला शब्द न् शब्द त्यांच्या कानात सांगेल. तो त्यांचा हक्क आहे.

"आम्हाला तो हक्क नको असेल तर?"

"तो तुमचा नाहीच," ती म्हणाली. "त्यांचा आहे."

आता दोनच रस्ते होते. गप्प बसायचं, तर ज्या घरात त्यांचं करणारं कुणी नाही तिथं सासूबाईंना एकटं धाडायचं. बोलायचं, तर ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, तिला चारचौघांत सांगायचं, की आई, तुम्ही जे जे स्वतः करता ना, त्यातलं काहीच तुम्ही करत नाही. मला रात्रंदिवस तेच सुचत होतं. दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या विजारीचा एकच पाय आखूड करून दिला.

घरी मी एकदा प्रयत्न केला. "आई, कोर्टात मी बोलेन तेव्हा तुम्ही बाहेर बसाल का? उगाच दगदग कशाला?"

"माझी केस आणि मी बाहेर? लग्नात नवरीला बाहेर बसवतात का?"

"मला काही गोष्टी सांगाव्या लागतील."

"सांग की. चांगलंच सांगशील." त्या टेबल पुसत होत्या. त्यांच्या फडक्यातून सुटलेलं खरकटं मी मागून गोळा करत होते, तसाच तो विषयही गोळा केला. माझ्या जिभेला एरवी हाड नसतं. त्या दिवशी मात्र ती हलेना.

तारखेला आम्ही सगळे तयार होऊन गेलो. दुभाषी बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. ती पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसली होती. सासूबाईंनी लगेच तिच्याशेजारी बूड टेकलं.

"आपल्यातलीच आहेस ना गं? मग माझं कुठं वेडंवाकडं गेलं तर सांभाळून घे. तू जरा बरं करून सांग."

"आजी, मला शपथ घ्यावी लागते. तुम्ही बोलाल तेच सांगणार."

थोड्या वेळानं मी तिला पाण्याच्या नळापाशी गाठलं. "एक काम होतं. गॅसचा विषय निघेल, तो तेवढा त्यांच्या कानात नाही सांगितलात तर?"

तिनं बाटलीचं झाकण लावत माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दोघी एकाच घरच्या शोभता," ती म्हणाली.

कोर्ट म्हणजे एक साधी खोली होती. "एवढंच?" सासूबाई कुजबुजल्या. त्यांची निराशा झाली होती. न्यायाधीशांचा घसा बसलेला होता आणि ते गालात गोळी धरून बोलत होते. सरकारी वकील कडक इस्त्रीचा, अगदी सभ्य माणूस. सासूबाई वकीलबाईशेजारी बसल्या आणि दुभाषी त्यांच्या कानाशी.

आधी नवऱ्याची साक्ष झाली. तो म्हणाला की आईचं नक्की काय काय करावं लागतं हे त्याला अलीकडेच कळलं. बिचारा खरं बोलला. सासूबाईंनी त्याच्याकडे चमकून बघितलं.

मग माझं नाव पुकारलं. मी शपथ घेतली. वकीलबाईनं पहिला प्रश्न इथल्या भाषेत विचारला. दुभाषी सासूबाईंच्या कानाकडे वाकली आणि अगदी सपाट आवाजात तो सांगायला लागली. ते बघितलं आणि माझ्या मनात आलं, मी जे बोलणार ते त्यांच्या कानात असंच जाणार. एका परक्या बाईच्या तोंडून, बसचं वेळापत्रक वाचल्यासारखं. ऐकायचंच असेल तर त्यांनी ते माझ्याकडून ऐकावं.

"मी माझ्या भाषेत बोलेन," मी न्यायाधीशांना म्हटलं.

वकीलबाई दचकली. ते काही ठरलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी मान हलवली. दुभाषीनं खुर्ची सरकवून मध्ये घेतली. मी सासूबाईंकडे बघून बोलायला लागले.

औषधांचं सांगितलं, बरण्यांचं सांगितलं. टिचबटणांचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात स्वेटरवर गेला. पडल्याचं सांगितलं, बसथांब्याचं सांगितलं. न्यायाधीश दोनदा म्हणाले, इकडे बघून बोला. मी दोनदा तिकडे बघितलं आणि परत सासूबाईंकडे वळले.

"आई, दुपारी गॅस बंद नसतो. मी बंद करून जाते."

"काय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

दुभाषीनं तो "काय"सुद्धा भाषांतर करून सांगितला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला त्याचा राग आला, कारण रडायला मी आले नव्हते.

सरकारी वकील उठला. त्यानं अगदी शांतपणे विचारलं, की तुम्ही दोघंही नोकरी करता, मुलगी दुपारी घरी असते, तिच्याजवळ कुणीतरी हवं असेल ना? पाहणीच्या दिवशी या बाईंनी चहा केला, जिना चढल्या, स्वयंपाक करते म्हणाल्या. आज अचानक त्यांना काहीच जमत नाही. त्यांना ठेवून घ्यायची तुमची गरज आहे, आणि त्यासाठी तुम्ही हे सगळं रचून सांगताय, असं मी म्हटलं तर?

दुभाषी सासूबाईंच्या कानात ते सांगत होती. ती पुरं करायच्या आत सासूबाई उभ्या राहिल्या, टेबलाला दोन्ही हात टेकून.

"ए! माझ्या सुनेला खोटारडी म्हणायचं नाही!"

न्यायाधीश म्हणाले, तुमची पाळी येईल.

"तिला खोटारडी म्हणायचं तर मी म्हणेन. घरी म्हणतेच. हा कोण लागून गेलाय?"

दुभाषीनं शपथेला जागून तेही सांगितलं. न्यायाधीशांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. मग म्हणाले, बरं, त्यांनाच बोलू द्या.

सासूबाई साक्षीच्या खुर्चीपर्यंत कशा गेल्या हे मी बघितलं. नवरा पुढे झाला तर त्याला हातानं बाजूला केलं. बसल्या. वकीलबाईनं विचारलं, "तुमच्या सूनबाईंनी सांगितलं ते खरं आहे का?"

त्यांनी स्वेटरचं वरचं बटण चाचपलं. खरं नाही म्हणाल्या असत्या, तर तिथंच सगळं संपलं होतं. मी मनात म्हणत होते, आई, एकदाच. फक्त एकदा कमीपणा घ्या.

"गॅसचं मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं ठाऊक होतं. बटणं आपोआप लागायला लागली, तेव्हा काय मला कळलं नसेल? मी काय दूधखुळी आहे? ती सांगत नव्हती, म्हणून मीही बोलले नाही. तिला बरं वाटत होतं."

मी तोंडावर हात ठेवला.

"आणि तिनं कमीच सांगितलंय. तिला ठाऊक नाही ते मी सांगते. हे गेल्यावर मी तिकडे घरी होते. सकाळी चहा ठेवायला गेले आणि स्वयंपाकघरात पडले. उठता येईना. रस्त्यावर शाळेची मुलं जात होती, त्यांचा आवाज यायचा. मी हाका मारल्या. माझ्या हाका काही त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. अंधार पडला. मग मी हाका मारायच्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी विजेचं मीटर बघायला माणूस आला, त्यानं खिडकीतून बघितलं."

नवरा म्हणाला, "आई!" न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं नाही.

"मुलाला फोनवर सांगितलं, पाय जरा मुरगळलाय. करमत नाही, तर तुझ्याकडे येऊ का?"

सरकारी वकिलानं विचारलं, "मग पाहणीच्या वेळी शेजारी धावून येतात असं का म्हणालात?"

"यायचे. पूर्वी यायचे. आता दोन्ही बाजूंना कुलपं आहेत. सगळी आपापल्या मुलांकडे गेली. पण घरी आलेल्या पाहुण्याला असं कुणी सांगतं का हो? तुमची आई सांगेल?"

तो खाली बसला.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं. सहजच, फाईल मिटता मिटता विचारल्यासारखं. "तुम्हाला इथं राहायचं आहे ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

वकीलबाईचं पेन थांबलं. नवऱ्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. दुभाषीनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग सांगितलं, की त्या नाही म्हणतात.

"मला माझ्या घरी राहायचं आहे. माझ्या दारात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. इथं मला पाववाल्याशीसुद्धा बोलता येत नाही. सून चांगली आहे, पण घर तिचं आहे. मला माझं हवं होतं. पण तिथं एकटीला आता जमत नाही, साहेब. जमलं असतं तर मी आलेच नसते."

इतके अर्ज भरले, इतक्या सह्या केल्या, नवऱ्याशी भांडले, पण तुम्हाला कुठं राहायचंय हे आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी खाली जमिनीकडे बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. दोन थांबे गेले.

"दिवसभर असतो गॅस?"

"असतो."

"आणि मी वर्षभर त्या सरकारला शिव्या घातल्या."

"हो."

"मला सांगायचंस तरी. थोड्या कमी घातल्या असत्या."

निकाल आला तेव्हा आम्ही सगळे घरी होतो. वकीलबाईनं स्वतः फोन केला. अपील मंजूर. सासूबाईंना इथं कायमचं राहता येईल. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं, की त्यांच्या त्या "नाही"मुळे बाकीच्या सगळ्या साक्षीवर विश्वास बसला. नवरा खुर्चीवरून उठून उगाचच घरभर फिरला. लेकीनं आजीच्या गळ्यात उडी मारली. मी वकीलबाईचे आभार मानताना दोनदा तेच वाक्य बोलले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. लेकीचे हात सोडवले आणि आपल्या खोलीत गेल्या.

मी थोडा वेळ थांबून मागोमाग गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डोळे भरून आले होते आणि ओठ घट्ट मिटलेले. आता त्यांचं घर सुटलं होतं. आम्ही लढून, जिंकून, सरकारी शिक्क्यानिशी त्यांना ते सोडायला लावलं होतं. मला काय बोलावं ते कळेना. आणि काही कळेनासं झालं की मी चेष्टा करते, ती माझी खोडच आहे.

"आई, रडायला तरी माझी मदत लागणार नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लागेल," त्या म्हणाल्या. "दार लावून घे आणि बस इथं."